अलास्कात कचरा जाळायचा परवाना: हातात परमिट असूनही दंड का होतो

बर्फ वितळलं की अलास्कात घरोघर तीच कामं निघतात. हिवाळ्यात मोडून पडलेल्या फांद्या गोळा करायच्या, गेल्या वर्षीचं गवत काढायचं, स्प्रूस बीटल किड्याने वाळवलेली झाडं तोडायची आणि साठलेला ढीग पेटवून टाकायचा. मॅट-सू खोरं, केनाई, फेअरबँक्स या भागांत नव्याने घर किंवा जमीन घेतलेल्या आपल्या मंडळींची इथेच फसगत होते. ‘परमिट काढलं होतं, तरी नोटीस आली’ ही तक्रार दर उन्हाळ्यात कानावर येते. परमिट असणं आणि आज पेटवायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कुणी नीट सांगतच नाही. म्हणून हा लेख.

आधी परवाना कुणाला लागतो ते पाहू. 1 एप्रिल ते 31 ऑगस्ट हा अलास्काचा कायद्याने ठरलेला वणव्यांचा हंगाम. या काळात राज्याच्या, नगरपालिकेच्या किंवा खासगी जमिनीवर लहान शेकोटी सोडून काहीही जाळायचं तर राज्याच्या फॉरेस्ट्री म्हणजे वन विभागाचं स्मॉल-स्केल बर्न परमिट लागतं. त्यात तीन गोष्टी बसतात: जाळायचं पिंप म्हणजे बर्न बॅरल, एका वेळी एकच ढीग (जास्तीत जास्त 10 फूट रुंद आणि 4 फूट उंच), आणि 4 इंचांपर्यंत वाढलेलं, एक एकरापेक्षा कमी जागेतलं राखलेलं गवत. संघराज्याच्या मालकीच्या जमिनीचे नियम वेगळे आहेत. अँकरेजमध्ये शहराच्या अग्निशमन दलाची स्वतःची परवाना पद्धत आहे, तिथे राज्याचं परमिट दाखवून भागत नाही. तुमची जागा कुणाच्या हद्दीत येते ते आधी फोन करून विचारा. भाड्याने राहत असाल तर मालकाची संमती लेखी घेऊन ठेवा.

अर्ज अगदी सोपा आहे: ऑनलाइन करा किंवा जवळच्या फॉरेस्ट्री कार्यालयात जा, नाव, फोन, पत्ता भरा, सुरक्षिततेच्या अटी वाचून सही करा. परमिट फुकट मिळतं. फक्त पत्त्याच्या रकान्यात घाई करू नका. बऱ्याच जणांची टपालं पोस्टाच्या पेटीवर येतात आणि हात सवयीने तोच पत्ता लिहितो. परमिटवर हवी ती प्रत्यक्ष आग लावायची जागा. हायवेच्या मैलाच्या दगडावरून पत्ता सांगायची पद्धत असलेल्या भागात तर हे फारच नीट लिहा, कारण धूर दिसल्यावर गाडी तिथेच यायची असते.

आता खरी मेख. परमिट हातात पडलं की लोक निर्धास्त होतात, कारण ते चुटकीसरशी मिळतं. पण त्यातली सगळ्यात महत्त्वाची अट अशी: ज्या दिवशी जाळणार, त्या दिवशी, पेटवण्याआधी, आपल्या भागाच्या बर्न परमिट लाइनला फोन करून किंवा वेबसाइट पाहून आज जाळायला मुभा आहे का याची खात्री करायची. काल मुभा होती हे उत्तर चालत नाही. हवा कोरडी झाली किंवा वारा वाढला की त्या भागातली परमिटं तात्पुरती स्थगित होतात. शेजारच्या भागात चालू आणि तुमच्याकडे बंद, असंही होतं. मुभा असूनही तुमच्या आवारात वारा सुटला असेल तर काडी ओढू नका. फोन केलाच नाही आणि आग निसटली, तर परमिट तुम्हाला वाचवत नाही. दंड तर आहेच, शिवाय विझवायचा खर्चही जबाबदार माणसाकडून वसूल होऊ शकतो.

इथेच उन्हाळ्याचा अंदाज वाचण्यातली चूक भोवते. नॅशनल इंटरएजन्सी फायर सेंटर ही देशभरातल्या वणव्यांचं काम पाहणारी संस्था दर महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या काही महिन्यांचा वणव्यांचा अंदाज देतं, त्यात अलास्काचा नकाशाही असतो. तो ‘नॉर्मल’ दिसला की लोकांना वाटतं, यंदा काळजी नाही. पण अलास्काच्या अंतर्भागात जून-जुलैमध्ये विजा पडून मोठे वणवे लागणं हेच नॉर्मल आहे! 2004 साली राज्यात सुमारे 66 लाख एकर जळालं, 2015 मध्ये 51 लाख. 2022 मध्ये जून संपायच्या आत 10 लाख एकरांचा आकडा पार झाला, आणि पुढे जुलैच्या पावसाने बराच आवर घातला. सरासरी अशाच चढउतारांतून निघते. तापमानाच्या अंदाजाच्या नकाशावरचा ‘40 टक्के शक्यता’ हा आकडासुद्धा नेहमीच्या 33 टक्क्यांपेक्षा (कमी, सरासरीइतकं, जास्त या तीन शक्यतांचा समान वाटा) पारडं थोडं झुकलंय, एवढंच सांगतो. काही महिन्यांचा अंदाज विमानं आणि माणसं कुठे ठेवायची हे ठरवणाऱ्यांसाठी असतो. तुमच्या ढिगाचा निर्णय आजच्या वाऱ्यावर आणि आजच्या आर्द्रतेवर होतो.

शिवाय वस्तीजवळचा धोका जूनची वाट पाहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ गेलेलं असतं आणि नवी हिरवळ आलेली नसते. मधल्या दिवसांत गेल्या वर्षीचं पिवळं गवत उघडं पडतं, आणि ऊन-वारा लागला की सकाळी ओलं असलेलं हे गवत दुपारी कागदासारखं पेट घेतं. जळालेल्या क्षेत्राचा मोठा हिस्सा विजांचा असला, तरी वणव्यांच्या संख्येत निम्म्याहून जास्त माणसांमुळे लागतात, तेही रस्ते आणि घरं आहेत तिथेच. 14 जून 2015 ला विलो गावाजवळ लागलेल्या सॉकआय वणव्यात 55 घरं गेली. तपास यंत्रणेच्या निष्कर्षानुसार त्याचं मूळ जाळलेल्या कचऱ्यातून निसटलेल्या आगीत होतं.

कोकणात राब भाजताना पाहिलेल्यांना वाटतं, आग खाली मातीपर्यंत आली की आपोआप थांबते. इथे ती थांबत नाही. ब्लॅक स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या रानात पायाखाली शेवाळ, सुया आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा जाड थर असतो, त्याला डफ म्हणतात. तो वाळला की जमीनच धुमसते. वरून राख थंड दिसते, आत निखारा चालू असतो, आणि कधीकधी तो बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात वर येतो. म्हणून ढिगाभोवती शेवाळ आणि डफ खरवडून खालची खनिज (पालापाचोळा नसलेली) माती उघडी करा, पाणी आणि फावडं हाताशी ठेवा आणि एक क्षणही जागा सोडू नका. विझवताना पाणी ओता, राख आणि माती ढवळा, परत ओता, मग उघड्या हाताने चाचपा. ऊब लागली तर पुन्हा पहिल्यापासून. ऑक्टोबरात मोठा ढीग जाळला असेल तर एप्रिलमध्ये त्या जागी जाऊन याच पद्धतीने बघा.

शब्दांचा घोळही त्रासदायक आहे आणि तो सोपा करण्याची तसदी कुणी घेतलेली नाही. परमिट सस्पेन्शन म्हणजे पिंप, ढीग, गवत बंद. पण 3 फुटांपेक्षा कमी रुंद आणि 2 फुटांपर्यंतच ज्वाळा असलेली स्वयंपाकाची किंवा शेकोटीची आग चालते, तिला एरवीही परमिट लागत नाही. बर्न क्लोजर म्हणजे शेकोटीसुद्धा बंद. फक्त बटण फिरवून विझवता येणाऱ्या गॅसच्या शेगड्या चालतात. रेड फ्लॅग वॉर्निंग हा तिसराच प्रकार, तो नॅशनल वेदर सर्व्हिसचा हवामानाचा इशारा. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जाहीर होतात, म्हणून पुन्हा सांगते, फोनच करा.

31 ऑगस्टची तारीखही दगडावरची रेघ समजू नका. 17 ऑगस्ट 2019 ला मॅकिन्ली वणवा लागला, पार्क्स हायवेजवळची 50 हून अधिक घरं जळाली आणि त्या वर्षी हंगाम 30 सप्टेंबरपर्यंत वाढवला गेला. ‘सप्टेंबर आहे, परमिट कशाला’ असं म्हणण्याआधी हंगाम संपल्याची खात्री करा. परमिटही दर हंगामाला नवं काढा.

प्लास्टिक, टायर, तेलकट चिंध्या, डांबर यांना परवाना असूनही मनाई आहे.

ढीग 10 बाय 4 फुटांपेक्षा मोठा असेल, एकापेक्षा जास्त ढीग एकदम जाळायचे असतील किंवा गवत एक एकरापेक्षा जास्त असेल, तर लार्ज-स्केल परमिट लागतं. ते चुटकीसरशी मिळत नाही. फॉरेस्ट्रीचा माणूस जागा पाहून जातो, आणि तो येईल तेव्हा कुणाकडेच तयार नसलेली गोष्ट विचारली जाते: पाणी कुठून येणार, माणसं किती, वारा फिरला तर काय करणार. हे एका कागदावर, जागेच्या साध्या नकाशासह, आधीच लिहून ठेवा. जमीन साफ करणाऱ्या कंत्राटदाराची तारीख ठरवण्यापूर्वी कार्यालयाला फोन करा. मे महिन्यात वणवे सुरू झाले की तपासणीला येणारी माणसं त्याच कामाला लागलेली असतात आणि तुमचा ढीग शरद ऋतूपर्यंत तसाच पडून राहतो. पडू दे. आणि लावलेली आग हाताबाहेर जातेय असं वाटलं, तर दंडाच्या भीतीने स्वतः विझवत बसू नका, पहिल्या मिनिटाला 911 हा आणीबाणीचा नंबर लावा.