हात दाखवा, गाडी थांबवा: विनंती थांब्यांची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे जाणाऱ्या एकेरी मार्गावर स्कॉट्सकॅल्डर नावाचं छोटं स्थानक आहे. हा विनंती थांबा, म्हणजे कोणी सांगितलं तरच इथे गाडी थांबते. २०२२ मध्ये तिथल्या फलाटावर एक बटण बसवलं गेलं. गाडीत चढायचं असेल तर बटण दाबायचं, आणि विनंती रेडिओवरून थेट चालकाच्या केबिनमध्ये पोहोचते. तोवर तिथला प्रवासी गाडी दिसली की हात करायचा. या बटणाचं कौतुक झालं आणि ते रास्तही होतं. पण ते ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आलं, तो खूप जुना आहे: गाडी थांबवायला सांगायचं कोणाला, आणि सांगण्याचा हक्क कोणाचा?

सुरुवातीला हा हक्क सामान्य प्रवाशाचा नव्हताच. रूळ टाकायला जमीन हवी, जमीन बड्या जमीनदारांची, आणि ते अटी घालून ती विकत. इंग्लंडच्या पूर्वेला नॉर्फोकमधल्या पाणथळ कुरणांत बर्नी आर्म्स हे स्थानक १८४४ मध्ये आलं ते अशाच अटीतून. तिथे आजही मोटारीचा रस्ता पोहोचत नाही. स्थानक कायम ठेवायचं, असं करारात होतं. काही वर्षांनी कंपनीने गाड्या थांबवणं बंद केलं. तिचं म्हणणं असं की करारात स्थानकाचा उल्लेख आहे, गाडी थांबलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? वाद झाला आणि पुढे थांबा परत मिळाला. पश्चिमेकडे बॅडमिंटनला तर तिथल्या सरदार घराण्याचा गाड्या थांबवून घेण्याचा अधिकार विसाव्या शतकातही चालू होता. ते स्थानक १९६८ मध्ये बंद झालं.

बाकीच्यांसाठी मधला माणूस होता स्टेशनवरचा कर्मचारी. प्रवासी त्याला सांगे, तो दिवसा बावटा आणि रात्री कंदील दाखवी. अमेरिकेत याला ‘फ्लॅग स्टॉप’ म्हणत, आणि तिथल्या नियमपुस्तकात त्यासाठी हिरवा-पांढरा असा जोडबावटा ठरवून दिलेला होता, म्हणजे धोक्याच्या लाल बावट्याशी त्याची गल्लत होऊ नये. १९०३ मध्ये इंग्लंडच्या पश्चिमेत स्ट्राउडजवळच्या खोऱ्यात वाफेवर चालणारे सुटे डबे आणि त्यांच्यासाठी कर्मचारी नसलेले छोटे फलाट सुरू झाले. तिकीट गाडीतच मिळे. हा प्रयोग पुढे बराच पसरला.

खरा बदल १९६३ नंतरचा. त्या वर्षीच्या सरकारी अहवालाने ब्रिटनमधली दोन हजारांहून अधिक स्थानकं बंद करायची शिफारस केली. स्कॉटलंडचे डोंगराळ मार्ग, वेल्सचे मध्य आणि किनारी मार्ग विरोधामुळे वाचले, पण वाचले म्हणजे काटकसरीच्या अटीवर वाचले. स्टेशन मास्तर गेले, पोर्टर गेले, तिकीट खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिकीट विकणारा गार्ड गाडीतच फिरू लागला आणि विनंती ऐकणारा माणूस फलाटावरून डब्यात आला. १९८०च्या दशकाच्या मध्यात उत्तर स्कॉटलंडमध्ये एकेरी मार्गाचं टोकन, म्हणजे त्या मार्गावर शिरण्याचा परवाना, रेडिओवरून द्यायला सुरुवात झाली. मार्गाचा ताबा एका नियंत्रण कक्षाकडे गेला आणि वाटेतल्या सिग्नल केबिनही ओस पडल्या. आता फलाटावर उरला तो फक्त प्रवासी आणि त्याचा हात.

इथे एका निर्णयावर जरा रेंगाळावं लागेल, कारण वाद अजून मिटलेला नाही. नेहमीचा थांबा विनंतीवर टाकताना रेल्वेवाले दरवेळी एकच कारण पुढे करतात: वेळ वाचेल. ऐकायला हे सरळ वाटतं. कोणी नसेल तर गाडी कशाला थांबवायची? पण जुन्या पद्धतीत फलाटावर कोणी आहे की नाही हे चालकाला डोळ्यांनीच पाहावं लागतं. म्हणजे थांबता येईल इतका वेग त्याने आधीच उतरवलेला असतो. वळण असेल, झाडी असेल, धुकं असेल, तर आणखी आधी. फलाट रिकामा दिसला की पुन्हा वेग घ्यायचा. ब्रेक लागलाच, डिझेल जळलंच. वाचली ती उभं राहण्याची घटका.

त्यातून मार्ग एकेरी. समोरून येणाऱ्या गाडीचं क्रॉसिंग ठरावीक स्थानकावरच होतं. दोन रिकामे थांबे टाळून गाडी तिथे मिनिटभर लवकर पोहोचली, तर समोरची येईपर्यंत ते मिनिट लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहण्यातच जातं. वेळापत्रक नव्याने आखल्याशिवाय ही बचत प्रवाशाच्या पदरात पडत नाही. उशिराने धावणाऱ्या गाडीला मात्र ती खरोखर उपयोगी पडते, हे कबूल करायला हवं. स्कॉट्सकॅल्डरच्या बटणाचं मोल नेमकं इथे आहे: विनंती नाही हे चालकाला आधीच कळलं, तर तो वेग न उतरवता निघून जाऊ शकतो. माझ्या मते विनंती थांब्याला ‘वेळ वाचवणारा’ हे विशेषण अशा बटणानंतरच शोभतं. त्याआधी ती बरीचशी कागदावरची सोय होती.

प्रवाशांनी मात्र या व्यवस्थेत आपापल्या रीती बसवून घेतल्या. उतरायचं असेल तर गाडीत चढल्या चढल्या गार्डला सांगायचं, तो तिकीट तपासायला येईल म्हणून वाट पाहायची नाही. गर्दीच्या दिवशी तो दुसऱ्या टोकाला अडकलेला असू शकतो. चढायचं असेल तर निवाऱ्यातून बाहेर येऊन फलाटाच्या कडेपासून बेताच्या अंतरावर उभं राहायचं आणि हात आडवा, ठळक करायचा. हिवाळ्यात तिकडे दुपारीच अंधारतं, मग मोबाइलचा दिवा कामी येतो. गाड्यांचे फोटो काढायला आलेल्या हौशी मंडळींनी मागे सरकून उभं राहावं हेही ओघाने आलंच. नुसतं ओळखीचं म्हणून चालकाला हात हलवला आणि गाडी थांबली, तर ते हात दाखवून अवलक्षण.

कोणत्या डब्यात बसायचं हाही प्रश्न असतो. अनेक फलाट इतके आखूड की एखादंच दार उघडतं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तरेला वाँडाबाइन नावाचा थांबा आहे. तिथे रस्ता जात नाही, लोक होडीने किंवा पायवाटेने येतात, आणि उतरणाऱ्याने शेवटच्या डब्यात बसून गार्डला कळवायचं असतं. वेल्समध्ये कोविडच्या काळात अशी आखूड फलाटांची काही स्थानकं तात्पुरती बंदच ठेवली गेली, कारण एकाच दारात गार्ड आणि प्रवासी यांच्यात अंतर राखणं शक्य नव्हतं.

अशा थांब्यांवर टीका होते ती आकड्यांच्या आधारे. केंब्रिजशरमधल्या शिपिया हिल या विनंती थांब्याची २०१५-१६ची अंदाजित प्रवासीसंख्या होती १२. बर्नी आर्म्सची २०१९-२० मध्ये ४२. बातम्या होतात, हशा होतो. पण सिग्नल बदलण्याच्या कामामुळे बर्नी आर्म्सला त्या वर्षातले बरेच महिने गाडीच थांबत नव्हती, हे मथळ्यात येत नाही. शिवाय हे आकडे मुख्यतः तिकीटविक्रीवरून काढलेले असतात. पुढच्या स्थानकाचं तिकीट काढून आधी उतरलेला माणूस त्यात दिसत नाही, आणि दिवसाला मोजक्याच गाड्या असलेल्या फलाटावर गर्दी नाही यात नवल ते काय?

बटणाने चढणाऱ्याची सोय झाली, उतरणाऱ्याने अजून गार्डलाच सांगायचं आहे. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या अनेक छोट्या मार्गांवर डब्यातही बटण असतं, बसमध्ये असतं तसंच, त्यामुळे तिथे गार्डविना गाडी चालते. ब्रिटनमध्ये गार्ड काढून फक्त चालकावर गाडी चालवण्यावरून कामगार संघटना आणि कंपन्या यांची जुनी जुंपलेली आहे. तिथे डब्यात असं बटण बसवायचं म्हटलं, तर ही निव्वळ तांत्रिक सुधारणा आहे असं कोणीही मानणार नाही.