पत्रादेवी ते पणजी : नद्यांनी आखलेली वाट

बांदा मागे पडले की थोड्याच वेळात गोव्याच्या सरहद्दीवरचे पत्रादेवी येते. महामार्ग १७ चा आता ६६ झाला आहे. पण इथून पणजीपर्यंत कुठे थांबायचे, हे मुळात सरहद्दीने आणि नद्यांनी ठरवले.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याकडून निघालेले सत्याग्रही तिरंगा घेऊन पत्रादेवीतून आत शिरले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल इथेच धारातीर्थी पडले. गोव्याच्या सरहद्दींवर त्या दिवशी वीसहून अधिक सत्याग्रहींनी प्राण दिले. मग भारताने सीमा बंद केली आणि मुक्तीपर्यंत ही वाट अडलेलीच राहिली. किनाऱ्याच्या ओढीने इथल्या हुतात्मा स्मारकावरून भरधाव जाणाऱ्या गाड्या पाहिल्या की जीव तुटतो. पाच मिनिटे तरी थांबावे.

धारगळनंतर कोलवाळचा पूल. खालची शापोरा ही एकेकाळची सरहद्द. दक्षिणेचा बार्देश सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेला. उत्तरेचे पेडणे मात्र १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. बार्देशातून हलवलेल्या काही दैवतांना नदीपलीकडेच आसरा मिळाला. दोन तालुक्यांतल्या देवळांचा आणि चर्चांचा फरक गाडीतूनही जाणवतो, तो त्यामुळेच.

म्हापशाला शुक्रवारी पोचलात तर बाजार करा. एरवी बोडगेश्वराला हात जोडून पुढे निघा.

खरा थांबा बेतीचा. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी उत्तरेकडून आलेली भारतीय फौज इथे पोचली आणि काठावर थबकली, कारण मांडवीवर पूलच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नदी पार करून पलीकडे गेली. पूल झाला १९७० साली, आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नवा पूल होईपर्यंत पणजीला जाणाऱ्यांना पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभे राहावे लागले. २०१९ मध्ये अटल सेतू आला आणि पर्वरीहून निघालेली गाडी आता पणजीच्या डोक्यावरून निघून जाते.

बेती-पणजी फेरी अजून चालते. पर्वरीचा उतार संपला की पुलावर न चढता धक्क्याकडे वळावे. समोर पाण्यालगत आदिलशहाचा वाडा दिसतो. त्या डिसेंबरात जवानांनी रात्रभर पाहिला, तो हाच काठ.