ब्रेक लाइन अपग्रेड

ब्रेक लाइन अपग्रेड म्हणजे कारचे कंपनीने दिलेले रबरी ब्रेक होज, म्हणजे चाकापाशी ब्रेक ऑइल नेणाऱ्या लवचिक नळ्या, काढून त्या जागी स्टीलच्या तारेची जाळी विणलेले होज बसवणं, आणि गाडी जुनी असेल तर खालून जाणारे लोखंडी पाइपही बदलणं. बोलताना सगळे 'ब्रेडेड (म्हणजे विणलेली) लाइन टाकली' एवढंच म्हणतात. एक गोष्ट आधीच सांगायला हवी कारण गैरसमज नेमका इथेच आहे, नुसत्या ब्रेडेड लाइनने गाडी कमी अंतरात थांबत नाही. थांबायचं अंतर शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं, आणि साध्या होजवरही पेडल जोरात दाबलं की एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, चालू होत असेल तर ब्रेकची ताकद आधीच टायरला झेपेल त्यापेक्षा जास्त आहे. बदलतं ते पेडल, ते कडक लागतं, पाय ठेवल्या ठेवल्या ब्रेक धरतो आणि किती दाबलं की किती लागेल याचा अंदाज पायाला पक्का येतो. घाट उतरताना किंवा ट्रॅकवर हा फरक छोटा नाही.

हायड्रॉलिक ब्रेकमागे पास्कलचा नियम आहे, बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. माल्कम लॉघेडने १९१७ मध्ये अशा ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग मॉडेल ए मध्ये चारही चाकांना ते आले. तेव्हापासून आजपर्यंत अडचण एकच आहे, चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, जागेवर असते पण चाक वरखाली होतं आणि वळतंही, त्यामुळे शेवटचा साधारण फूटभर पाइप लवचिक लागतोच. ब्रेक ऑइल दाबाने जवळजवळ आकसत नाही, पण हा लवचिक तुकडा फुगतो, आणि जेवढा फुगतो तेवढं पेडल फुकट खाली जातं.

किती फुगतो याला मर्यादा आहे. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या वाहन सुरक्षा मानकात ३ मिमी आतल्या व्यासाचा साधा होज १००० पीएसआय, म्हणजे साधारण ६९ बार दाबाला, एका फुटामागे ०.६६ सीसीपेक्षा जास्त फुगता कामा नये, आणि कमी फुगणाऱ्या प्रकाराला ०.३३ सीसी. होजवर पहिल्यासाठी एचआर आणि दुसऱ्यासाठी एचएल असं छापलेलं असतं. आता हिशोब बघा, चार होज मिळून साडेचार फूट धरले तर साध्या प्रकारात जास्तीत जास्त ३ सीसी, मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचा, बोअर (आतला व्यास) २२ मिमी असला तर त्याचं क्षेत्रफळ ३.८ चौ. सेंमी, म्हणजे पेडलने ढकलला जाणारा पुशरॉड जवळपास ८ मिमी सरकतो आणि पेडलचं लिव्हर गुणोत्तर ४ धरलं तर पेडल ३ सेंमीहून जास्त नुसतं होज फुगवण्यात जातं. एचएल प्रकारात याच्या निम्मं. पण ही मानकातली कमाल मर्यादा झाली, कित्येक नव्या गाड्यांना कंपनीचाच होज एचएल असतो, आणि तिथे ब्रेडेड टाकून फार फरक जाणवला नाही तर लाइन डुप्लिकेट होती असं लगेच म्हणू नये.

ब्रेडेड होजच्या आत पीटीएफईची, म्हणजे नॉनस्टिक तव्याला लावतात त्याच टेफ्लॉनची नळी असते, तिच्यावर स्टेनलेस स्टीलची जाळी आणि चांगल्या होजवर शेवटी पारदर्शक किंवा रंगीत प्लॅस्टिकचं आवरण. हे आवरण शोभेसाठी नाही. उघडी जाळी कानशीसारखी काम करते, वायरिंग, टायर, आतलं फेंडर, ज्याला घासेल ते कापते, शिवाय जाळीत शिरलेली बारीक रेती आतून टेफ्लॉनला घासत राहते. रबरी होज खराब होताना भेगा दाखवतो किंवा फुगवटा दाखवतो, जाळीखालची नळी मात्र बाहेरून दिसतच नाही. आणखी एक, हा होज फिटिंगच्या तोंडाशी वाकला की तिथेच थकतो, म्हणून १०६ मानकात होज मशीनवर सलग ३५ तास हलवून बघायची चाचणी आहे. डॉट छाप (अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या मानकाची खूण) नसलेला स्वस्त होज घेताना आपण नेमकी ही खात्री सोडून देतो. भारतात ब्रेक होजसाठी आयएस ७०७९ हे मानक आहे.

माझ्या मते बऱ्याच जणांना जो फरक ब्रेडेडमुळे पडला असं वाटतं तो खरं तर नव्या ऑइलचा आणि पाइपातून नीट काढलेल्या हवेचा असतो. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि उकळबिंदू घसरतो, डॉट ३ या दर्जाच्या ऑइलचा किमान कोरडा, म्हणजे नवं असतानाचा, उकळबिंदू २०५ अंश सेल्सियस तर पाणी ओढल्यावर १४०, डॉट ४ चा २३० आणि १५५, डॉट ५.१ चा २६० आणि १८०. आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, ऑइल उकळलं, वाफ झाली की पेडल तळाला जातं, आणि वाफेपुढे कुठलीही जाळी उपयोगाची नाही. तिथे खालचा गिअर आणि दर दोन वर्षांनी बदललेलं ऑइलच वाचवतं.

जुन्या गाडीत मात्र होज बदलणं, मग रबरी का असेना, अगदी आवश्यक असतं. रबर आतून सुजतं आणि एकदिशा झडपेसारखं वागतं, ऑइल कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकावरच्या ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, जातं पण परत येत नाही, ब्रेक धरून राहतो, एक चाक तापतं आणि मेकॅनिक कॅलिपर बदलत बसतात. लोखंडी पाइप बाहेरून गंजतात, समुद्राकाठच्या गाड्यांना जास्तच. त्याला तांबं-निकेलचा पाइप हा चांगला पर्याय आहे, व्होल्वोने तो १९७६ पासून कारखान्यातूनच वापरला. निव्वळ तांब्याचा पाइप अजिबात नको, हादऱ्यांनी तो कडक होऊन तडकतो.

बसवताना बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर दर वेळी नवे घ्यायचे, पाइपचा नट त्यासाठीच्या फ्लेअर पान्यानेच सोडवायचा नाहीतर कोपरे गोल होतात, आणि होजला पीळ बसू द्यायचा नाही. मग गाडी जॅकवर असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि चाक पूर्ण खाली लोंबकळवून बघायचं की होज कुठे ताणतोय का, कुठे घासतोय का. हवा काढायचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, एबीएस पंपात हवा गेली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र, लावावाच लागतो. पेंटवर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं. शेवटी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून धरायचं आणि दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून बघायचा, थोडासा ओलावा दिसला तरी गाडी रस्त्यावर काढायची नाही, आणि हीच तपासणी चार-पाच दिवस चालवल्यावर परत एकदा करायची.