पादत्राणांच्या ब्रँडची पारख : हे निकष आले कुठून?

म्हापसा-मडगावच्या दुकानांतल्या बुटांच्या खोक्यांवर हल्ली ‘व्हेगन’ (म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीही न वापरलेले), ‘पर्यावरणपूरक’ असे शब्द छापलेले आढळतात. ग्राहकाला ते एकाच चांगुलपणाचे दाखले वाटतात. प्रत्यक्षात ब्रँड पारखण्याच्या या परीक्षेतले प्रश्न वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या लढ्यांतून आले आहेत आणि एकात उत्तीर्ण झालेला ब्रँड दुसऱ्यात सपशेल नापास असू शकतो.

पहिला प्रश्न मजुरांचा. 1990 च्या दशकात नायकीचे बूट शिवणाऱ्या इंडोनेशिया आणि व्हिएतनाममधील कारखान्यांतली मजुरी व सक्तीचे जादा काम यांवर जगभर टीका झाली. पाकिस्तानात सियालकोटच्या परिसरात नायकीचा फुटबॉल शिवणाऱ्या मुलाचे छायाचित्र 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या मालाचे नाव गुलामीच्या मजुरीशी जोडले गेले आहे, हे कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना 1998 मध्ये जाहीरपणे मान्य करावे लागले आणि 2005 मध्ये कंपनीने आपल्या पुरवठादार कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली. अशी यादी उघड आहे का, हे आजही सर्वांत आधी पाहिले जाते, आणि ते रास्तच आहे, कारण कारखान्याचा पत्ताच ठाऊक नसेल तर तिथे जाऊन तपासणार कोण?

दुसरा प्रश्न चामड्याचा. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे झटपट कमावता येते, म्हणून ही पद्धत जगभर पसरली. पण मीठ आणि क्रोमियम असलेले सांडपाणी नदी-विहिरींत उतरले. तामिळनाडूतील पालार नदीकाठच्या टॅनरींबाबत, म्हणजे कातडे कमावणाऱ्या कारखान्यांबाबत, सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दिलेल्या निकालाने ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग ठरवले. टॅनरींची तपासणी करणारा लेदर वर्किंग ग्रुप 2005 मध्ये स्थापन झाला. त्याचे प्रमाणपत्र टॅनरीला मिळते. बूट शिवणाऱ्या कामगाराच्या पगाराची हमी त्यातून मिळत नाही.

कार्बनचा हिशेब त्यानंतरचा. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या 2013 च्या अभ्यासात धावण्याच्या बुटांच्या एका जोडीमागे सुमारे 14 किलो कार्बन डायऑक्साइड निघत असल्याचे आढळले आणि त्यातला दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा कारखान्यातील निर्मितीचा होता. त्यामुळे वरचे कापड पुनर्वापराचे आहे एवढ्यावर समाधान मानता येत नाही. ‘व्हेगन’ चामडे तर पुष्कळदा पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लॅस्टिकच असते.

या साऱ्या निकषांत आपल्याकडचा एक प्रश्न जवळजवळ बेपत्ता आहे, तो जातीचा. गोव्यात सर्रास वापरल्या जाणाऱ्या कोल्हापुरीचे कातडे परंपरेने ढोर समाजाने कमावले आणि वहाण चर्मकारांनी शिवली. कातड्याची पिशवी शिवून टांगायची, तीत बाभळीची साल व हिरड्याचे पाणी भरायचे आणि ते कातड्यातून झिरपू द्यायचे. तळ खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने शिवायचा. रसायनांच्या दृष्टीने हे काम सरस आहे, पण कारागिराला मान आणि दाम मिळतो का, हे पर्यावरणाच्या तक्त्यात कुठेच उमटत नाही. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांना 2019 मध्ये कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाच्या नावाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, मिळाले. तरीही 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला मूळ न सांगता मंचावर आणल्या आणि कारागिरांनी आवाज उठवल्यावरच प्रेरणास्थान मान्य केले.

भारतात बाजारमूल्याने सर्वांत मोठ्या शेअर बाजारात नोंदलेल्या एक हजार कंपन्यांना 2022-23 पासून सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार पर्यावरण आणि कामगारविषयक माहितीचा अहवाल द्यावा लागतो, तर ‘पर्यावरणपूरक’ अशा दाव्यांना पुरावा हवा, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये आणली. शेअर बाजाराबाहेरच्या कंपन्यांना मात्र हा अहवाल बंधनकारक नाही. पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरते म्हणून गोव्यात घरोघरी वापरल्या जाणाऱ्या स्वस्त रबरी आणि पीव्हीसी चपला बनवणारे कितीतरी लहान उत्पादक त्याच गटात मोडतात.