तात्क्षणिक वेग

तात्क्षणिक वेग : एखादी राशी एका ठरावीक क्षणी किती झपाट्याने बदलते आहे हे सांगणारी संख्या. कलनशास्त्राची (कॅल्क्युलसची) सुरुवात या कल्पनेपासून होते, आणि पहिली अडचणही इथेच येते. वेग काढायचा तर अंतराला वेळेने भागायचे. पण क्षणात वेळ जातच नाही आणि अंतरही कापले जात नाही. मग भागायचे कशाला कशाने?

त्याआधी फलन समजायला हवे, आणि कोल्हापूरकर पावसाळ्यात ते रोज वाचतात. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फूट-इंचांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. कोणतीही वेळ सांगा, तिला पातळी एकच असते, म्हणून पातळी हे वेळेचे फलन. उलट मात्र चालत नाही. ४० फूट पातळी पाणी चढताना येते आणि उतरतानाही येते, तेव्हा नुसत्या पातळीवरून वेळ सांगता येत नाही. फलनाची व्याख्या पाठ असलेल्या अनेकांना हा एकतर्फीपणा जाणवलेला नसतो.

पूर चढत असताना ‘पाणी किती फुटांवर?’ यापाठोपाठ ‘किती इंचांनी वाढतंय?’ हा प्रश्न येतोच. दुसरा प्रश्न वेगाचा आहे. तासाभरात २ इंच वाढले, हा त्या तासाचा सरासरी वेग. आत्ता, या मिनिटाला वाढ कशी आहे, हे त्यातून कळत नाही. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी भोगावतीत सुटते, आणि पुढे पंचगंगेच्या वाढीचा वेग त्याने बदलू शकतो.

सरासरीकडून क्षणाकडे कसे जायचे, हे पडणाऱ्या दगडावर स्वच्छ दिसते. समजा, पन्हाळ्याच्या कड्यावरून एक दगड सुटला. हवेचा विरोध सोडला, तर त्याने कापलेले अंतर (मीटरमध्ये) = ४.९ × वेळेचा (सेकंदांत) वर्ग. बरोबर २ सेकंदांनी त्याचा वेग किती? २ ते २.१ सेकंद या काळात सरासरी वेग सेकंदाला २०.०९ मीटर येतो. २ ते २.०१ मध्ये १९.६४९, २ ते २.००१ मध्ये १९.६०४९. मागच्या बाजूने पाहू : १.९ ते २ मध्ये १९.११, १.९९ ते २ मध्ये १९.५५१. दोन्हीकडून आकडे १९.६ कडे सरकतात. ही संख्या म्हणजे त्या सरासरी वेगांची सीमा, आणि तिलाच २ सेकंदांवरचा तात्क्षणिक वेग म्हणतात.

बीजगणिताने हेच एका ओळीत येते. २ सेकंदांपासून पुढचा कालावधी ‘ह’ धरला तर सरासरी वेग = ४.९ × (४ह + ह²) ÷ ह = ४.९ × (४ + ह). विद्यार्थी अडखळतो तो इथे : आधी ‘ह’ने भागले, म्हणजे तो शून्य नाही, मग १९.६ मिळवायला ‘ह’ शून्य ठेवला. ही लबाडी नाही का? शंका अगदी रास्त आहे, आणि ‘सूत्रात शून्य घाला’ एवढे सांगून शिक्षकाने ती मिटवू नये. ‘ह’ला शून्य कधीच करायचे नसते. तो पुरेसा लहान घेतला की सरासरी वेग १९.६ च्या हवा तितका जवळ ठेवता येतो, एवढाच सीमेचा दावा आहे.

सीमा नेहमी असतेच असेही नाही. एसटीचे भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्याने वाढते. ६ किलोमीटरच्या अलीकडून येताना भाडे एका टप्प्याचे, पलीकडून येताना दोन टप्प्यांचे. दोन बाजू एका संख्येवर मिळत नाहीत, म्हणून तिथे सीमा नाही.

ही कल्पना मराठी मुलखाला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची विद्यापरंपरा कोरली आहे, त्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) ग्रहाची दिवसाची स्थूल गती आणि ‘तात्कालिकी’ गती यांत भेद केला. सर्वसाधारण पद्धत न्यूटन आणि लायब्निट्स यांनी १७ व्या शतकात उभारली. लायब्निट्सचा या पद्धतीवरचा लेख १६८४ चा. ‘ह’बद्दलची शंका मात्र त्यानंतरही दीर्घकाळ छळत राहिली. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये सीमेला पायाचे स्थान दिले आणि जर्मन गणिती वायरश्ट्रासने तिला आजची काटेकोर भाषा दिली. म्हणून अकरावीच्या मुलाला हे एका तासात पटले नाही, तर त्याला मठ्ठ म्हणण्याचे कारण नाही.

आता पुन्हा बंधाऱ्यावर. उदाहरणापुरते मानू की पाण्याने ४२ फुटांचा कळस गाठला आणि त्या क्षणापासून तास मोजले, तर पातळी = ४२ − (तासांचा वर्ग ÷ १००) फूट. दगडाची रीत इथे लावली की कळसाच्या १० तास आधी वाढीचा वेग तासाला २.४ इंच येतो, ५ तास आधी १.२ इंच. पाणी अजून चढतेच आहे, पण चढण मंदावली आहे. कळसाच्या क्षणी वेग शून्य. लोक म्हणतात, ‘पाणी थांबलं.’ नदी वाहतच असते, पट्टीवरचा आकडा तेवढा थबकतो. पातळीही इशाऱ्याच्या ३ फूट वरच असते. ५ तासांनंतर हाच वेग उणे १.२ इंच होतो, आणि पाणी उतरू लागलेले असते.