इंदूर विकास प्राधिकरणाचा खटला : भूसंपादनाला आव्हान देण्याच्या हक्काची पार्श्वभूमी

जुन्या इंदुरातून विजयनगरकडे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पत्त्यांत आजही ‘योजना क्रमांक ५४’, ‘७८’ असे उल्लेख असतात. हे क्रमांक इंदूर विकास प्राधिकरणाच्या योजनांचे आहेत. अशा योजनांसाठी होणाऱ्या भूसंपादनातून उभा राहिलेला एक वाद सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला आणि देशभरातील दाव्यांची दिशा त्याने ठरवली.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमीनमालकाची हरकत ऐकून घेण्याची तरतूद मुळात नव्हती; ती १९२३ मध्ये कलम ५-अ म्हणून आली. रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेला बांधील ठरणारा न्यायालयीन आदेश, काढण्याचा अधिकार १९५० पूर्वी केवळ कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील उच्च न्यायालयांना होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ ने तो सर्व उच्च न्यायालयांना दिला, त्यामुळे इंदूरच्या खातेदारालाही सरकारी आदेशाविरुद्ध न्यायालयात उभे राहता येऊ लागले. मात्र न्यायालय अधिकाऱ्याच्या जागी बसून निर्णय घेत नाही. अधिकार होता का, कार्यपद्धती पाळली का, हे ते मुख्यतः तपासते. प्रशासकीय निर्णयातही नैसर्गिक न्याय, म्हणजे बाजू ऐकून घेणे आणि निःपक्षपात, पाळावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६९ च्या क्रैपाक निकालाने ठळक केले.

२०१३ चा नवा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. निवाड्याला (भरपाई ठरवणाऱ्या आदेशाला) पाच वर्षे उलटूनही ताबा घेतलेला नसेल किंवा भरपाई दिलेली नसेल, तर जुने संपादन रद्द ठरेल, असे त्याचे कलम २४(२) सांगत होते. पुणे महानगरपालिकेच्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई सरकारी कोषागारात भरणे म्हणजे ती देणे नव्हे, असे ठरवले आणि त्या आधारे याचिकांची रीघ लागली. ६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरण विरुद्ध मनोहरलाल या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो निकाल मोडीत काढला. नव्या निकालानुसार, ताबाही नाही आणि भरपाईही नाही, अशी दोन्ही कारणे असतील तरच संपादन रद्द होईल. पंचनाम्याने घेतलेला ताबा पुरेसा आहे. न्यायालयीन स्थगितीचा काळ पाच वर्षांत धरायचा नाही. आणि पूर्ण झालेली प्रकरणे या कलमाच्या आधारे पुन्हा उकरता येणार नाहीत.

कागदावरचा पंचनामा हाच ताबा मानणे, प्रत्यक्षात जमीन कसत राहिलेल्या लहान शेतकऱ्यावर कठोर आहे, असे मला मनापासून वाटते. नंतर संपादन रद्द करून घेणे असे अवघड झाल्याने सुरुवातीच्या हरकतीच्या टप्प्याचे महत्त्व फार वाढले आहे. जुन्या कायद्यात त्यासाठी ३० दिवस मिळत. २०१३ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे प्राथमिक अधिसूचनेपासून ६० दिवस मिळतात.