गोझेन काइगी

दुसऱ्या महायुद्धापूर्वी आणि युद्धकाळात जपानी राज्याच्या सर्वोच्च निर्णयांवर सम्राटाच्या उपस्थितीत शिक्कामोर्तब करणारी परिषद. १८८९च्या मेइजी राज्यघटनेत तिची तरतूद नव्हती. तरीही १८९४ मध्ये चीनशी आणि १९०४ मध्ये रशियाशी युद्ध करण्याचे निर्णय अशाच बैठकांत पक्के झाले. सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीत ती १९३८ पासून भरू लागली.

राज्यघटनेने सैन्याचे आधिपत्य थेट सम्राटाकडे सोपवल्यामुळे भूदलाचे व नौदलाचे सेनाप्रमुख मंत्रिमंडळाला उत्तरदायी नव्हते. या दोन सत्तांची खरी घासाघीस १९३७ मध्ये सुरू झालेल्या संपर्क परिषदेत होई आणि तेथे ठरलेला मसुदाच सम्राटापुढे मांडला जाई. सम्राटाने मौन पाळावे आणि त्याच्या वतीने प्रिव्ही कौन्सिल या सम्राटाच्या सल्लागार मंडळाच्या अध्यक्षाने प्रश्न विचारावेत, असा प्रघात होता. एवढ्यावरून परिषदेला निव्वळ उपचार मानणे योग्य नाही, कारण सम्राटासमोर संमत झालेल्या धोरणापासून मागे फिरणे कोणत्याही मंत्र्याला जवळजवळ अशक्य होई, आणि त्या धोरणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हेही धूसर राही.

६ सप्टेंबर १९४१ च्या परिषदेत हे स्पष्ट दिसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेशी चाललेल्या वाटाघाटींना यशाची आशा न दिसल्यास अमेरिका, ब्रिटन व नेदरलँड्स यांच्याशी युद्धाचा निश्चय करावा, असा मसुदा होता. प्रश्नांना सेनाप्रमुखांनी उत्तर दिले नाही, तेव्हा हिरोहितो यांनी प्रघात मोडून आजोबा मेइजी सम्राटांची कविता वाचून दाखवली : चारही समुद्र भावंडांसारखे असताना वारे आणि लाटा का खवळाव्यात, असा तिचा आशय. मसुदा मात्र संमत झाला. पंतप्रधान कोनोए फुमिमारो यांनी ऑक्टोबरमध्ये राजीनामा दिला, तोजो हिदेकी पंतप्रधान झाले आणि १ डिसेंबरच्या परिषदेने युद्धाचा अंतिम निर्णय घेतला.

९ ऑगस्ट १९४५ च्या मध्यरात्रीच्या सुमारास राजवाड्यातील भुयारी निवाऱ्यात भरलेल्या परिषदेत मात्र आधी ठरलेला निर्णयच नव्हता. परराष्ट्रमंत्री तोगो शिगेनोरी यांना सम्राटपद अबाधित राहण्याच्या एकाच अटीवर शरणागती हवी होती, तर भूदलमंत्री अनामी कोरेचिका व दोन्ही सेनाप्रमुख आणखी तीन अटींवर अडून बसले होते. पंतप्रधान सुझुकी कांतारो यांनी स्वतः बाजू न घेता सम्राटालाच कौल मागितला आणि हिरोहितो यांनी तोगोंच्या बाजूने तो दिला. १४ ऑगस्टच्या परिषदेत त्यांनी शरणागतीचा निर्णय कायम केला. मे १९४७ मध्ये लागू झालेल्या नव्या राज्यघटनेने सम्राटाचे शासनविषयक अधिकार संपवले.